आयर्विनचे पाणी, एक ब्लॉक खाली

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सांगली-मिरजेतल्या मुलांनी वर्गणी काढून चालवलेला माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर गेल्या पावसाळ्यात बंद झाला. तो चालवणारा मुलगा माझा भाचा असल्यामुळे हा सगळा व्यवहार मला जवळून पाहता आला. तो इतका नेटका झाला की त्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे वाटले.

ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांना माइनक्राफ्ट म्हणजे काय हे सांगायला नको. ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरे आणि गावे बांधण्याचा हा खेळ स्वीडनमधल्या मोजांग कंपनीने 2011 मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. सर्व्हरचा प्रोग्राम कंपनी फुकट देते. तो सतत चालू राहणाऱ्या एखाद्या संगणकावर बसवला, की एकाने रचलेली भिंत बाकीच्यांना आपापल्या घरी बसून दिसते. भाच्याने आधी घरातल्या जुन्या संगणकावर हे चालवले, पण वीज गेली की गावच्या गाव गायब होई. म्हणून पुढे वर्गणीतून भाड्याची मशीन घेतली. नियम थोडेच होते. अनोळखी माणसाला प्रवेश नाही, दुसऱ्याचे बांधकाम फोडायचे नाही, आणि रोज रात्री त्या सगळ्या जगाची एक प्रत काढून ठेवायची. रोजचे दप्तर रोज लिहिणाऱ्या मोठ्या माणसांच्या संस्था आपल्या जिल्ह्यात किती निघतील, हा प्रश्न मी येथे विचारत नाही.

त्या जगात मुलांनी सांगली बांधली होती. गणपतीचे देऊळ होते, विश्रामबाग चौक होता, हरिपूरचा संगम होता. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या घरातला एक मुलगा होता. त्याने या खेळातले सुरांचे ठोकळे मांडून एक भिंतच उभी केली होती. या ठोकळ्यांतून दोन सप्तकांचे मिळून पंचवीस सूर निघतात आणि प्रत्येक टिचकीला सूर अर्ध्या स्वराने चढतो. त्याच्या आजोबांनी ते ऐकून ‘यात गंधार कुठाय?’ एवढेच विचारले आणि ते तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारा नीट घुमाव्यात म्हणून घोडी घासायला, निघून गेले. आजोबांचे बरोबरच होते, पण तो विषय वेगळा.

आणि अर्थातच आयर्विन पूल होता. 1929 साली बांधलेला हा पूल आणि त्याच्यापाशी मोजली जाणारी कृष्णेची पातळी यांच्याशिवाय सांगलीचे कोणतेही चित्र पुरे होत नाही. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आपल्याकडे पाढ्यांआधी पाठ होते.

मुले मोठी झाली, कोणी पुण्याला नोकरीला लागले, वर्गणी कमी पडू लागली, आणि शनिवारी रात्री सर्व्हरवर दोन-तीनच जण दिसू लागले. भाच्याने महिनाभर आधी सर्वांना कळवले की अमुक शनिवारी रात्री दहा वाजता सर्व्हर बंद होईल. त्या रात्री मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. जुने-नवे सगळे आले होते, सगळ्यांचे आवाज स्पीकरवर ऐकू येत होते, आणि सगळे खेळातल्या आयर्विन पुलावर उभे होते. आता जग बंदच करायचे आहे तर 2019 चा पूर आणून पाहू, अशी कल्पना कोणीतरी काढली. गावभागातला एक मुलगा, ज्याच्या घरात त्या ऑगस्टमध्ये खरोखरच पाणी शिरले होते, तो नको म्हणेल असे मला वाटले होते. सर्वांत आधी तोच म्हणाला, ‘आणा की.’

पूर आणणे सोपे नसते, खेळातही नसते. माइनक्राफ्टमधले पाणी सपाटीवर सोडले तर सात ब्लॉक, म्हणजे ठोकळे, जाऊन थांबते, त्यामुळे एवढा भाग भरायचा तर हुकूम देऊन भरावा लागतो, आणि एका हुकुमात जास्तीत जास्त 32,768 ब्लॉक भरता येतात. म्हणून पाणी एकेका पट्ट्याने आणि एकेका थराने चढू लागले. त्या वर्षी आयर्विनला पाणी 57 फुटांच्या पुढे गेले होते. खेळातला ब्लॉक मात्र एक मीटरचा. मिरजेच्या मुलाने हिशेब वरच्या अंगाने धरला आणि नदीच्या तळापासून अठरा ब्लॉक पाणी भरले.

तेवढ्यात गावभागातल्या मुलाचा आवाज आला, ‘दादा, चुकलंय. आमच्यात एवढं नव्हतं पाणी.’

त्याने खेळात स्वतःचे घर बांधले होते आणि पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ पिवळ्या ब्लॉकांनी दाखवली होती. ती रेघ देवघराच्या कोनाड्याच्या खालून जात होती, आणि आता कोनाडा पाण्यात होता. ‘कोनाड्याला टेकलं होतं, आत गेलं नव्हतं. एक ब्लॉक खाली घे की.’

त्यावर वाद झाला. अकरावीतल्या एका मुलाने भागाकार करून सांगितले की 57 फूट म्हणजे साडेसतरा मीटरसुद्धा भरत नाहीत, तेव्हा सतराच धरले पाहिजेत. मग वरचा थर काढायला सुरुवात झाली; पण एक पट्टा काढला की शेजारच्या पट्ट्यातले पाणी कडेकडेने पुन्हा आत शिरे, त्यामुळे शेवटचा पट्टा निघेपर्यंत पाणी उतरले की नाही हेच कळेना. दहा वाजले. भाच्याने घड्याळाकडे पाहिले आणि कोणाला काही न विचारता वेळ पुढे ढकलली. थोड्याच वेळात नाहीशा होणाऱ्या गावात पाणी एक ब्लॉक खाली आणण्यासाठी ही मुले अकरा वाजून गेले तरी खपत होती. अखेर कोनाडा मोकळा झाला. गावभागातला मुलगा होडीतून स्वतःच्या दारापाशी गेला, रेघ पाहिली आणि म्हणाला, ‘आता बरोबर.’ मग भाच्याने सर्व्हर थांबवण्याचा हुकूम दिला आणि सर्वांच्या पडद्यावर तो बंद झाल्याची एका ओळीची सूचना आली.

आता थोडे कंपन्यांविषयी. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ 2014 मध्ये विक्रीला आला. युबिसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे पैसे मोजून घेतलेला खेळ कोणालाच उघडेना. विकलेला खेळ कंपनीने पाठ फिरवल्यावरही खेळता आला पाहिजे, अशी मागणी करणारी मोहीम त्यातून युरोपात उभी राहिली आणि तिच्या मागणीवर 2025 मध्ये 10 लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्याआधी ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ कंपनीने 2012 मध्ये बंद केला होता. खेळाडूंनी तो आपल्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला, आणि त्यांपैकी एका गटाला कंपनीची रीतसर परवानगी मिळायला जानेवारी 2024 उजाडला. माझे म्हणणे एवढेच आहे की सर्व्हर कधी ना कधी बंद होणारच, कारण भाडे आहे, वीज आहे आणि माणसाचे वय आहे. परंतु बंद करणाऱ्याने तारीख आधी सांगावी, हिशेब द्यावा आणि प्रत द्यावी. पुन्हा सांगतो: तारीख, हिशेब आणि प्रत.

भाच्याने तिन्ही गोष्टी दिल्या. वर्गणीचा जमाखर्च सर्वांना पाठवला आणि उरलेल्या पैशांचे भडंग आणले. (भडंग सांगलीचेच आणावे, पुण्यात त्या नावाखाली जे मिळते त्याविषयी न बोललेले बरे.) त्या निमित्ताने मुले विश्रामबागेत एकत्र आली, तेव्हा त्यांतल्या काहींनी एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा पाहिले. जगाचे फोल्डर प्रत्येकाला दिले; ते आपल्या संगणकावर खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवले की गाव एकट्यालाही उघडता येते. घरी असा सर्व्हर चालवणारे मूल असेल तर त्याला आजच विचारा की शेवटची प्रत कधी काढली आणि ती त्याच मशीनवर आहे की दुसरीकडे; त्याच मशीनवर असेल तर मशीनबरोबर तीही जाते.

मिरजेच्या मुलाने ती प्रत आता स्वतःच्या संगणकावर उघडली आहे आणि दोघे-तिघे पुन्हा यायला लागले आहेत. पूर अजून तसाच आहे. गणपतीच्या आधी पाणी उतरवा असा हरिपूरकरांचा आग्रह आहे, आणि एकेक पट्टा पुन्हा काढत बसायला मिरजकर तयार नाहीत.