पेन्सिलीखाली उमटलेला नंबर

बॉनेट उघडे आहे आणि इंजिनामागच्या पत्र्यावर वाकलेला एक हात रॉकेलच्या बोळ्याने पंधरा वर्षांची काजळी पुसतो आहे. गाडी मारुती ८००, पासिंग पुण्याचे, नोंदणी जानेवारी २०१० मधली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते. ती मुदत संपत आली, म्हणून निवृत्त मालकीणबाई आज स्वतः गाडी चालवत आरटीओच्या तपासणीच्या मैदानावर आल्या आहेत. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते, असा समज दिल्लीच्या बातम्या ऐकून आपल्याकडेही अनेकांनी करून घेतला आहे. महाराष्ट्रात मात्र तपासणीत उतरलेल्या गाडीची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

काजळी निघाली की पत्र्यात ठोकलेली अक्षरे दिसू लागतात. त्यांवर पातळ कागद ताणून धरायचा आणि पेन्सिलीचे टोक आडवे करून हलक्या हाताने घासत जायचे. जोर लावला तर कागद फाटतो आणि हात फारच हलका पडला तर तीन आणि आठ सारखेच दिसतात. करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरे एकेक करून वर येतात: एम, ए, तीन, आणि त्यापुढे आणखी चौदा. सतरा खुणांचा हा चेसिस नंबर म्हणजे गाडीची खरी ओळख; रंग बदलतो, इंजिनही बदलता येते, पण कागदावरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे हे याच पट्टीवरून ठरते. सारे काही ऑनलाइन झालेल्या काळात हे काम अजून शिसपेन्सिलीवर चालते, याचे आम्हाला चित्रीकरण करताना फार कौतुक वाटले.

पट्टी पंचवीस नंबरच्या अर्जावर चिकटवली जाते. हा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो आणि त्याला आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, विमा व पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र जोडावे लागतात. कर्जाचा बोजा पूर्वीच फिटला असला, तरी तो आरसीवरून उतरवून घेतलेला बरा, कारण नेमका तिथेच अर्ज अडतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही सक्तीची आहे; बाईंच्या गाडीवर ती आधीच बसली आहे.

आता मोटार वाहन निरीक्षक गाडीभोवती फिरत आहेत. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न. टायरच्या नक्षीवरून त्यांचा अंगठा फिरतो. ते पट्टीवरचा नंबर पत्र्यावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून पाहतात आणि गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक मारायला सांगतात. दाराच्या खालच्या कडेला गंज नाही, सीटवर जुन्या पद्धतीचे शिवलेले कव्हर आहे आणि डिकीत घडी घातलेले फडके आहे. गाडीचे वय आरसीवर लिहिलेले असते, पण ती कशी वापरली गेली हे अशाच जागी वाकून पाहावे लागते.

शुल्काला मात्र ही निगा दिसत नाही. ३१ मार्च २०२२ पर्यंत मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये लागत, दुसऱ्या दिवसापासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० ठरले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये जादा पडतात आणि नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

कार्यालयाच्या आत कॅमेरा नेता आला नाही. बाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात शुल्काची पावती होती आणि उजव्या तर्जनीवर पेन्सिलीचा काळा डाग. त्यांनी डिकीतले फडके काढून आधी बोट पुसले, मग बॉनेटवर उमटलेले हातांचे ठसे.