गोंदवाला पीट आणि ‘ॲव्हेंजर्स’चा सहावा अंक

मंडळी, आज एकाच अंकाबद्दल बोलायचं आहे. मार्व्हलच्या ‘द ॲव्हेंजर्स’ या सुपरहिरो संघाच्या कॉमिकचा सहावा अंक, मुखपृष्ठावर जुलै १९६४, किंमत १२ सेंट. लेखन स्टॅन ली, पेन्सिलने रेखाटन जॅक कर्बी, त्यावर शाई चिक स्टोन. हल्क दुसऱ्याच अंकात संघ सोडून गेला होता आणि चौथ्या अंकात कॅप्टन अमेरिका बर्फातून परत आला होता. त्यामुळे इथे संघ आहे आयर्न मॅन, थॉर, जायंट-मॅन, वास्प आणि कॅप यांचा.

समोर ‘मास्टर्स ऑफ ईव्हिल’ ही खलनायकांची टोळी. नाव भारदस्त, पण माणसं बघा. मेल्टर नोव्हेंबर १९६३ मध्ये आयर्न मॅनविरुद्ध आला. रेडिओॲक्टिव्ह मॅन त्याच वर्षी जूनमध्ये थॉरविरुद्ध. उडत्या घोड्यावरचा ब्लॅक नाइट फेब्रुवारी १९६४ मध्ये जायंट-मॅनविरुद्ध. तिघांपैकी एकालाही पहिल्या फळीतला खलनायक म्हणता येणार नाही. मेल्टरच्या किरणाने तर तेव्हा फक्त लोखंड वितळायचं. पहिल्या भेटीत आयर्न मॅनने ॲल्युमिनियमचं चिलखत चढवलं आणि त्याचा खेळ तिथेच आटोपला.

मग असे दुय्यम लोक कशाला घ्यायचे? एक कारण धंद्याचं. थॉर वाचणाऱ्याला मेल्टर ठाऊक नसेल, तर तो आयर्न मॅनचा अंकही शोधेल. दुसरं कारण रचनेचं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. संघाच्या कथेत वीस-बावीस पानांत नऊ-दहा पात्रं वावरतात. प्रत्येकाच्या वाट्याला मोजक्याच चौकटी येतात. ज्याची ताकद एका वाक्यात सांगून होते, तोच खलनायक तेवढ्यात उभा राहतो. मेल्टर वितळवतो, संपलं! शिवाय एकच ताकद म्हणजे मर्यादाही एकच. म्हणून ॲव्हेंजर्स आपापले ठरलेले वैरी अदलाबदल करून घेतात, आणि ही साधी युक्ती वाचकाला लगेच पटते.

या टोळीचा म्होरक्या बॅरन झेमो मात्र नवा. त्याने महायुद्धासाठी ‘ॲधेसिव्ह एक्स’ नावाचा गोंद तयार केला होता. कॅपच्या ढालीने त्याचं पिंप फुटलं, गोंद अंगावर उडाला आणि तोंडावरचा जांभळा बुरखा कायमचा चिकटला. झेमोच्या द्वेषाचं मूळ एवढंच आहे, आणि चित्रात ते न बोलताही दिसतं. त्याच महिन्यात ‘सार्जंट फ्युरी’ या युद्धकथांच्या कॉमिकच्या आठव्या अंकात युद्धकाळातला झेमोही आला, दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचावेत.

आता हाच गोंद शहरावर फवारला जातो. जो चिकटला तो चिकटला, मग थॉरच्या ताकदीचा काय उपयोग? इथे कथा ज्याच्या दारात जाते तो आणखी खालच्या फळीतला: तुरुंगात बसलेला पेस्ट-पॉट पीट. जानेवारी १९६३ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ संघातल्या ह्यूमन टॉर्चला चिकटवायला निघालेला हा गोंदवाला. त्याला फक्त गोंदातलं कळतं. पण आज नेमकं तेच हवंय. सुटकेसाठी चार शब्द टाकण्याच्या बोलीवर तो गोंद विरघळवणारं द्रावण देतो. मला हा प्रसंग सगळ्या मारामारीहून सरस वाटतो.

चित्रांकडेही नीट बघा. तेव्हा मूळ पान छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट मोठ्या कागदावर काढत, म्हणून कर्बीला गर्दी झेपते. स्टोन बाहेरची रेघ जाड ठेवतो, त्यामुळे गर्दीतही हात कोणाचा, पाय कोणाचा ते कळतं. रंगांसाठी निळा, किरमिजी आणि पिवळा, प्रत्येकाच्या तीन छटा. कोरी जागा धरून प्रत्येकाचे चार पर्याय, म्हणजे ४×४×४ = ६४ रंग. रद्दी कागदावर ठिपक्यांनी छापलेला झेमोचा जांभळा मऊ दिसतो. पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर तोच डोळ्यांत खुपतो, म्हणून पुनर्मुद्रण घेताना आधी कागद बघून घ्या.

दोषही आहेत. आधी ढोबळ कथानक, मग चित्रं, शेवटी संवाद, अशी ही पद्धत. त्यामुळे चित्रात जे दिसतंय तेच संवादाच्या फुग्यात पुन्हा सांगितलं जातं. वास्पच्या हाती फारसं काम दिलेलं नाही. आणि रेडिओॲक्टिव्ह मॅन, म्हणजे चेन लू हा चिनी शास्त्रज्ञ, शीतयुद्धातल्या ठोकळेबाज चिन्यासारखाच रंगवलाय.

झेमो पुढे पंधराव्या अंकात दरडीखाली मेला. त्याच्या मुलाने, हेल्मुटने, १९९७ मध्ये अशीच दुय्यम मंडळी गोळा करून त्यांना नायकांचे मुखवटे चढवले, ती ‘थंडरबोल्ट्स’. पीट मार्च १९६५ मध्ये ‘फ्राइटफुल फोर’ या खलनायकांच्या चौकडीत गेला, आणि मे महिन्यात ‘फँटास्टिक फोर’च्या ३८व्या अंकात त्याने ट्रॅपस्टर हे नवं नाव घेतलं.