गल्लीतल्या मिस्त्रीला ओळखीची गाडी

युरोपियन गाडी टिकत नाही, असं कुणी म्हणालं की मी त्यांना मुंबईची काळी-पिवळी आठवायला सांगतो. प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. बनायची कुर्ल्यात. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, रस्त्यावरून उतरली.

ती बिघडत नव्हती असं नाही. उन्हाळ्यात तापायची, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर कचऱ्याने तुंबायचा. पण स्टँडपासून हाकेच्या अंतरावर तो उघडणारा मिस्त्री असे, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा भाड्यावर. मला वाटतं, गाडीचं आयुष्य निम्मं कारखान्यात ठरतं आणि निम्मं या हाकेच्या अंतरात.

माझी फियाटचीच पुंटो डिझेल पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली. २०१९ च्या सुमारास ती भारतात बंद झाली, तेव्हा ‘आता विकून टाका’ असं घरादाराने सांगितलं. मी विकली नाही. तिचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं. त्यामुळे तालुक्याच्या गावातसुद्धा ते डोळे मिटून उघडणारे हात आहेत, इंजिनाचे बरेचसे भाग मिळतात. खरा त्रास होतो तो हेडलाइटचा, बंपरचा, दाराच्या रबराचा. ते फक्त पुंटोचे, आणि त्यासाठी मी जुन्या बाजारात अक्षरशः दिवस घालवलेत. इंजिन धडधाकट आणि हेडलाइटची काच मिळत नाही म्हणून गाडी उभी, याचं फार वाईट वाटतं.

आता हवामानाचं बघा. फोक्सवॅगनचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. त्यातल्या सिंथेटिक तेलामुळे उष्ण, दमट हवेत आणि सततच्या थांब-चाल रहदारीत गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, हे लक्षात आल्यावर कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरच्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय केला? सिंथेटिक काढून खनिज तेल भरलं. म्हणजे कागदावर सरस असलेलं तेल आपल्यासारख्या हवेत कमी पडलं. असा गिअरबॉक्स असेल तर हिंजवडीच्या रहदारीत इंचाइंचाने सरकत राहू नका. त्यात क्लच अर्धवट घासत तापतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे गाडीभर जागा झाली की मगच सोडा.

कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, मी जरा कळकळीने सांगतो, कारण एका स्नेह्यांचं इंजिन यात गेलेलं मी पाहिलंय. कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं आवरण तडकलं होतं, कूलंट थेंब-थेंब गळत होतं. ते दर आठवड्याला बोअरचं पाणी ओतत राहिले. क्षार साचले, इंजिनाच्या डोक्याखालचं सील, हेड गॅस्केट, गेलं, दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर. तो भाग वेळेवर बदलला असता तर काही हजारांत सुटले असते.

म्हणून जुनी युरोपियन गाडी बघायला जाल तेव्हा रंग, किलोमीटर नंतर बघा. आधी आपल्या गावात चौकशी करा: हा गिअरबॉक्स इथे कोण उघडतं? त्याच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर आहे का? सुटा भाग किती दिवसांत येतो? मग मालकाकडे बिलांची फाइल मागा. ती नसेल तर मी टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेत नाही.