नाणेघाटातला हातचा

(दृश्य: पहाट. स्वयंपाकघरातला दिवा. ओट्यावर डबे.)

पहाटेचे साडेपाच. पुण्यातल्या या घरात दप्तरं कुणी भरत नाही, पण डबे भरायची घाई मात्र शाळेच्या घरासारखीच आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चार काकड्या. पिशवीत एक भिंग, एक टेप, दोन वह्या.

थोरली तेरा वर्षांची. दुसरीपर्यंत शाळेत होती. धाकटा नऊचा, तो शाळेत गेलाच नाही. आई-बाबांनी होमस्कूलिंग ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त दुखावले ते आजोबा. उभी हयात गणित शिकवलेला माणूस. दोन वर्षं या विषयावर ते सुनेशी सरळ बोललेच नाहीत. जे काही बोलायचे, ते वर्तमानपत्राशी.

(दृश्य: भिंतभर पुस्तकं. जिन्याच्या पायऱ्यांवरही पुस्तकं.)

पुस्तकांना या घरात जागा कमी पडते. अप्पा बळवंत चौकातून आणलेली, रद्दीवाल्याकडून सोडवलेली, वाचनालयातून आलेली आणि परत करायची राहिलेलीसुद्धा. बालभारतीचे संचही आहेत. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी द्यायची आहे. तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे थोरलीला ती परीक्षा आता दिसू लागली आहे.

हे सगळं गोडगोड आहे असं समजू नका. घर एका पगारावर चालतं. धाकट्याचं गणिताशी वाकडं आहे. एकक, दशक, शतक म्हटलं की डोळ्यांत पाणी. हातच्याची वजाबाकी तर आईनं सहा महिने बाजूलाच ठेवली आहे, आणि आजोबांना हे माहीत आहे.

इतिहासाचं तसं नाही. पण तिथेही आई एकदा चुकली. सुरुवातीला ती आधी पुस्तक वाचून दाखवायची आणि मग जागा दाखवायला न्यायची. मुलं किल्ल्यावर पोचायची आणि म्हणायची, “हे तर माहितीये.” मग तिनं क्रम उलटा केला. आता आधी डोंगर आणि मग पुस्तक.

(दृश्य: जुन्नर मागे पडतं. ऑक्टोबर. उतारावर पिवळी सोनकी.)

जुन्नर सोडलं की रस्ता घाटघरला जातो, जीवधन किल्ल्याच्या सावलीत. मग एकदम जमीन संपते. समोर खाली कोकण. हा नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या खिंडीतून वर चढत होता, जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणला. पायाखालचे दगड अजून फरसबंदीचे आहेत.

खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं इथे येणारा प्रत्येक जण सांगतो. मुलांच्या वह्यांत दोन रकाने असतात: ‘दिसलं’ आणि ‘म्हणतात’. थोरली टेप लावून रांजणाचा घेर मोजते, तो पहिल्या रकान्यात जातो. जकात जाते दुसऱ्यात. मला विचाराल तर या घरातली सगळी शाळा या दोन रकान्यांत मावते.

(दृश्य: लेण्याचा आतला अंधार. भिंतीवर तिरपा उजेड.)

आता लेणं. मागच्या भिंतीवर कधीकाळी आठ पुतळे होते. आज काही ठिकाणी पावलांच्या खुणा राहिल्या आहेत आणि वर ब्राह्मी या जुन्या लिपीत कोरलेली काही नावं. राया सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी. एक महारठी, म्हणजे मोठा सरदार. मधली माणसं गेली.

“कुणी फोडले?” धाकटा विचारतो.

‘म्हणतात’च्या रकान्यातही लिहायला काही मिळत नाही. तो ती ओळ कोरी ठेवतो.

डाव्या-उजव्या भिंतींवर दहा-दहा ओळींचा लेख आहे. राणी नागनिकेचा, म्हणजे त्या नावांतल्या देवी नायनिकेचा, म्हणून तो ओळखला जातो. यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ही यादी: गाई, हत्ती, घोडे, नाणी. दगड झिजला आहे. घरून येताना आईनं एकच सवलत दिली होती, ब्राह्मी अक्षरांचा आणि अंकांचा तक्ता. मुलं भिंतीला हात न लावता बोट हवेत फिरवतात.

“आई, इथे बेरजेचं चिन्ह आहे!”

ते ‘क’ आहे. ब्राह्मीतला क अगदी अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. थोरली पुढची अक्षरं लावते. का-हा-प-ना. काहापना, म्हणजे कार्षापण, त्या काळचं नाणं. आणि त्याच्या शेजारी आकडे.

इथे पाऊण तास जातो. आम्ही तो सगळा चित्रित केला आहे, पण तुम्हाला दाखवत नाही. कारण पाऊण तास दोन मुलं नुसती भिंतीकडे बघतायत.

मग धाकटा सांगतो. हजाराची एक खूण आहे, तिला वीस जोडलेत. परत हजाराची खूण, तिला चार. मग शंभराची खूण, तिलाही चार. २४,४००.

याच आकड्यांवर पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये शोधनिबंध लिहिला. मूळचे जुनागढचे. गिरनारच्या शिळेवरची अक्षरं तरुणपणी, ब्राह्मी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या तक्त्यावरून स्वतःच लावायला शिकलेले. हे मुलांना उद्या पुस्तकात भेटेल.

आज धाकट्याला वेगळंच काही दिसलं आहे. “यात शून्य नाहीये.”

नाहीच. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी, दहाला, वीसला वेगळी. जागेवरून किंमत ठरत नाही, म्हणून रिकामी जागा दाखवायला शून्यही लागत नाही. ज्या एकक-दशकानं त्याला रडवलं, ते या भिंतीवर नाहीच! पोरगं आधी हसतं. मग गप्प होतं.

“पण मग हे लोक हातचा कसा घ्यायचे?”

आई म्हणते, “कोण जाणे. दगडावर उत्तर कोरलंय रे, आकडेमोड नाही.”

(दृश्य: रात्र. पुण्यातलं घर. जेवणाचं टेबल.)

हात-पाय धुऊन धाकटा थेट आजोबांच्या खोलीत. आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवतात. तोच प्रश्न दोनदा ऐकून घेतात. उठतात, फडताळातून चिंचोक्यांची बरणी काढतात आणि टेबलावर खडूनं पाच रेघा ओढतात. दहा चिंचोके झाले की उचलायचे, शेजारच्या रेघेवर एक ठेवायचा. असं करत असतील, असा आपला अंदाज, एवढंच ते म्हणतात. वहीत ‘म्हणतात’च्या रकान्यात नवी ओळ: आजोबा म्हणतात, चिंचोके.

२४,४०० मध्ये त्याच लेखातली दुसरी एक दक्षिणा मिळवायची ठरते, ६,००१. ती झाल्यावर धाकटा स्वतःच म्हणतो, आता वजा करू.

साडेदहा वाजतात. आई दारात येऊन उभी राहते. उद्या सकाळी लवकर उठायचंय, झोपा आता.

आजोबा मान वर न करता म्हणतात, “थांब गं. हातचा राहिलाय.”