संत्र्याच्या मुलखातून द्राक्षाच्या मुलखात

(दृश्य: काटोलजवळची संत्राबाग, सकाळ)

जानेवारी लागला की काटोल-नरखेडच्या बागांमध्ये मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांचं, संत्रं रंगावर येऊ लागतं. ज्यांना आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरतानाचा फुलोरा, धरायचा असतो, त्यांनी पाणी तोडून झाडं ताणावर सोडलेली असतात. याच दिवसांत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नाशिककडे, वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. वाइन चाखायला नाशिकला जायचं, तर हाच हंगाम. वेलीवरचं द्राक्ष, टाकीतला रस आणि ग्लासातली वाइन, तिन्ही एकाच फेरीत पाहायला मिळतात.

आमच्या गाडीत काटोलचे मामा होते. जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला माणूस. वाइनशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण झाडाशी रोजचा. त्यांना सोबत घेतलं म्हणून हा प्रवास आम्हाला बागायतदाराच्या डोळ्यांनी पाहता आला.

(दृश्य: शिवमडका, समृद्धी महामार्गाची सुरुवात)

पूर्वी नागपूरहून नाशिक म्हणजे अमरावती, अकोला, जळगाव, धुळे असा दिवसभराचा दमवणारा रस्ता. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि 5 जून 2025 ला शेवटचा तुकडा जोडला जाऊन 701 किलोमीटरचा पूर्ण मार्ग तयार झाला. शिवमडक्याला गाडी चढली की सिन्नरच्या बाजूला उतरायचं.

मात्र या रस्त्यावर कुठेही गाडी बाजूला लावून झाडाखाली बसता येत नाही. सिमेंटचा सरळ रस्ता, एकसारखा वेग, त्यात डोळ्यांवर झापड येते. निघण्याआधी टायरची हवा तपासावी आणि दर दोन तासांनी थांब्यावर उतरून पाय मोकळे करावेत. डबा घरूनच घ्यावा. आमच्या डब्यात दशम्या होत्या, जवसाची चटणी होती आणि पुडाच्या वड्या होत्या. हिवाळ्यातला सांभार, म्हणजे कोथिंबीर, ठासून भरलेली आणि खसखस-खोबऱ्याचा वास असलेली पुडाची वडी गार झाली तरी तिची चव कमी होत नाही. प्रवासाला याहून चांगलं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: लोणार, विवराचा काठ, संध्याकाळ)

पहिला मुक्काम लोणारला. मेहकरला महामार्ग सोडायचा. नागपूर ते नाशिक एका दमात होतं, पण तसं करू नये. अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे. तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. काठाजवळ पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. संध्याकाळी विवराच्या कडेवर उभं राहिलं की खालच्या झाडीतून मोरांचे आवाज वर येतात. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. रात्री हवा चांगलीच गार झाली.

मामांचं लक्ष काठावरच्या काळ्या खडकाकडे होतं. नागपूरची सीताबर्डीची टेकडी याच खडकाची. लाव्हाच्या थरांचा हा प्रदेश नागपूरच्या आसपास संपतो आणि तिथून पश्चिमेला थेट सह्याद्रीपर्यंत जातो. म्हणजे संत्र्याची काळी माती आणि द्राक्षाखालचा मुरूम, दोन्ही मुळात एकाच दगडाची लेकरं.

दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकला आणि दुपार कलायच्या आत नाशिक गाठलं.

(दृश्य: गंगापूर धरणाच्या बाजूची द्राक्षबाग, तोडणी सुरू)

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, नाशिक जवळजवळ 600 मीटरवर. हिवाळ्यात नाशिकजवळच्या निफाडचा पारा किती उतरला, याची बातमी दरवर्षी येते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, हे वाइनच्या द्राक्षाला फार मानवतं. उन्हात साखर भरते आणि गार रात्रीमुळे आंबटपणा टिकून राहतो. आंबटपणा गेला, की वाइन बेचव होते.

इथे खायची द्राक्षं पिढ्यानपिढ्या पिकत होती. राजीव सामंत यांनी 1990च्या दशकात गंगापूर धरणाजवळ वाइनच्या जाती लावल्या आणि 2000 साली त्यांच्या सुला या वायनरीची, म्हणजे वाइन बनवण्याच्या कारखान्याची, पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. आज गंगापूर रस्त्यापासून दिंडोरी आणि इगतपुरीपर्यंत वायनऱ्या पसरलेल्या आहेत. सुला, यॉर्क, सोमा ही नावं गंगापूर धरणाच्या बाजूला, शॅन्डन दिंडोरीत, ग्रोव्हर झम्पा आणि व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात.

बागेत शिरल्यावर मामांनी आधी ओळीतला मुरूम मुठीत घेऊन पाहिला. मग द्राक्षाचं कलम कोणत्या मुळावर, म्हणजे खुंटावर, बांधलंय, ते बागेवरच्या तरुण सुपरवायझरला विचारलं,

"भाऊ, खुंट कोणता?"

"110-आर आहे, काका."

"आमच्याकडे जंबेरी. आन् एकरी किती निघते?"

"खायच्या द्राक्षापेक्षा बराच कमी. आम्हीच घड विरळ करतो."

मामा थबकले. कमी माल निघावा म्हणून घड काढून टाकणारी शेती त्यांनी पाहिली नव्हती. सुपरवायझरने समजावून सांगितलं. खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायला जिब्रेलिक अॅसिडच्या बुडवण्या देतात. वाइनच्या द्राक्षाला त्या चालत नाहीत. इथे मणी बारीकच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. म्हणून पाणीही हात राखून द्यायचं.

"म्हणजे ताणच की हा!" मामा म्हणाले. झाडाला थोडं उपाशी ठेवून त्याच्याकडून गोडवा काढायचा, ही विद्या विदर्भातल्या बागायतदाराला पाठ आहे. फरक एवढाच, की आपण ताण देऊन फूल काढतो आणि इथे छाटणी करून. एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळाची.

सुपरवायझरने शिराझ या लाल वाइनच्या जातीचा एक मणी तोडून मामांच्या हातावर ठेवला. बाहेरून काळा जांभळा. मामांनी तो दाबला, तर आतून निघालेला रस जवळजवळ पांढरा. मग त्यांनी साल बोटांत चोळली आणि बोटं जांभळी झाली. ती सायंकाळपर्यंत तशीच होती. लाल वाइनचा सगळा रंग सालीतून येतो, म्हणून तिचा रस सालीसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनला साल आधीच वेगळी काढतात आणि नुसता रस थंड स्टीलच्या टाकीत सावकाश आंबू देतात.

(दृश्य: टेस्टिंग रूम, काचेपलीकडे टाक्या)

चाखताना घाई करायची नाही. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. आधी रंग पाहायचा, मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्यायचा. सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तो खरोखरच त्या मिरचीत असणाऱ्या द्रव्यांचा. शेनिन ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनला पिकलेल्या पेरूचा. घोट तोंडात फिरवून बाजूच्या भांड्यात टाकून दिला तरी चालतो, त्यात अपमान कुणाचा नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखायच्या दिवशी चाकाला हात लावू नये. आम्ही नाशिकमध्ये स्थानिक ड्रायव्हर घेतला होता, तो खर्च पूर्णपणे सार्थकी लागला. आणि महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, हेही तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावं.

(दृश्य: धरणाच्या पाण्याकाठचं घर, रात्र, चूल)

मुक्काम धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका घरगुती निवासात होता. सकाळी नाशिकची मिसळ झाली होती, सोबत पापड आणि दही. रात्रीचं जेवण मात्र आमच्याकडे होतं. मामांनी घरून सावजी मसाला आणला होता. निवासातल्या ताईंनी चूल मोकळी करून दिली. दगडफूल, खसखस, काळी मिरी, खोबरं, सगळं भाजून वाटलेला तो काळा मसाला तेलात पडला आणि अंगणभर नागपूर पसरलं. मटण शिजायला दोन तास लागले. रश्शावर लाल तर्री आली, तेव्हा ताई म्हणाल्या, "एवढं तिखट तुम्ही रोज खाता?"

ठरवून आम्ही आधी शिराझ घेतली, कारण मटणाबरोबर लाल, असं सगळीकडे सांगतात. सावजीपुढे ते खोटं ठरलं. लाल वाइनमधला तुरटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना भिडले, जीभ पेटली आणि वाइन कडू लागली. मग किंचित गोडसर, चांगली गार केलेली शेनिन ब्लाँ काढली. पहिल्याच घोटाला जाळ खाली बसला आणि मसाल्यातली खसखस, दगडफूल वेगवेगळी कळू लागली. गोडवा आणि गारवा तिखटाला सांभाळतात, तुरटपणा त्याला भडकवतो. युरोपातल्या जेवणाचे ठोकताळे आपल्या रश्शाला लावू नयेत. वऱ्हाड-नागपूरचं ताट घेऊन वाइन चाखली पाहिजे, आणि हे काम आपल्याशिवाय दुसरं कोण करणार?

(दृश्य: वायनरीचं आवार, द्राक्षाचे क्रेट काट्यावर)

शेवटच्या सकाळी आम्ही द्राक्षं वायनरीत येताना पाहिली. क्रेट काट्यावर चढले, मूठभर मणी चुरून रसाचे थेंब एका छोट्या नळीसारख्या उपकरणावर टाकले गेले. त्यात डोळा लावून साखर मोजतात. साखर कमी भरली तर माल अजून वेलीवर राहायला हवा होता. मामा त्या उपकरणापाशी बराच वेळ उभे होते. आमच्याकडे संत्र्याचा सौदा झाडावरच होतो. व्यापारी फळाचा आकार बघतो आणि बारीक फळाला भाव नाही. इथे बारीक मण्यालाच मान, आणि चव आकड्यात मोजलेली.

त्यांनी वाइन करणाऱ्या बाईंना सरळ विचारलं, "ताई, संत्र्याची होईल का?"

होते, त्या म्हणाल्या, पण दोन अडचणी आहेत. द्राक्षात साखर वीस टक्क्यांच्या वर जाते, संत्र्यात जेमतेम निम्मी, म्हणजे वरून साखर घालावी लागेल. दुसरी अडचण मामांना आधीच ठाऊक होती. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला, की काही वेळाने कडवट होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. ते काढायच्या पद्धती आहेत, पण खर्च येतो.

बाटल्या आम्ही सोबत घेतल्या नाहीत. समृद्धी नागपूरला पोचण्याआधी वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी आहे. गाडीच्या डिकीत बेदाणे होते, चिवडा होता. मामा मागच्या सीटवर वहीत लिहीत बसले होते. कारंज्याच्या पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, नागपूरच्या अमरावती रोडवरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था सोमवारी किती वाजता उघडते. त्यांना रसाचा कडवटपणा काढायचा खर्च किलोमागे किती पडतो, ते विचारायचं होतं.