बांगडीची निशाणी

(दृश्य : तहसील कचेरीचा मागचा व्हरांडा. लोखंडी दाराचं कुलूप निघतं. आत मांडणीवर रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे.)

माझ्या पणजीचं नाव घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

पणजोबांचं येत होतं. त्यांच्या वडिलांचं, आजोबांचंही येत होतं. जमिनीच्या वाटण्यांत ती नावं इतकी घोकली गेलीत की शाळकरी पोरंसुद्धा म्हणून दाखवतील. पणजीचं मात्र नाही. चुलत्यांना विचारलं. भावकीतल्या चौघांना विचारलं. पारावर बसणाऱ्या, नव्वदी गाठलेल्या एका आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, "थोरल्या वाड्यातली म्हातारी. म्हातारीच म्हणायचे तिला."

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशातलं आमचं गाव. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. पण त्या मुरमाची नोंद चोख आहे. इंच-इंच मोजलेला, आणे-पैत आकारलेला. माणसं शोधायची तर आधी जमीन शोधायची, हे इथं पहिल्याच दिवशी कळतं.

(दृश्य : सातबाऱ्याचा उतारा. बोट एका कंसावर थांबतं.)

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. खातेदाराच्या नावाशेजारी बारीक आकडे असतात, ते फेरफाराचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचे नंबर. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस पडतो. बहुतेक लोक सातबारा वाचताना कंसातली नावं सोडून देतात. वंशावळ शोधणाऱ्यानं नेमकी तीच वाचायची. कंसातल्या नावाजवळचा नंबर घ्यायचा, गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही उघडायची, त्या नंबरवर जायचं. तिथं आणखी जुना माणूस भेटतो. त्याच्या मागं आणखी जुना.

मध्येच वाट तुटते. आज गट नंबर आहेत, जुन्या कागदांवर सर्वे नंबर. १९४७ च्या कायद्यानं तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं, गावोगाव योजना राबली आणि जुने नंबर पुसले गेले. कोणता सर्वे नंबर कोणत्या गटात गेला, त्याचा तक्ता मोजणी खात्याकडे मिळतो. तो नसेल तर माणूस आठवडाभर परक्याच्याच शेतात फिरत राहतो. मी फिरलो. चार दिवस ज्याला आमचा पूर्वज समजत होतो, तो शेजारच्या वाडीतला निघाला.

शाळेचं जनरल रजिस्टरही पाहिलं. आजोबांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या भावाची १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. जून महिन्यात शाळा सुरू व्हायची, गुरुजी पोराकडे एक नजर टाकून वय ठरवायचे आणि तारीख टाकायचे. त्या तारखेवर पुढं लोकांनी नोकऱ्या केल्या, पेन्शनी घेतल्या. तिच्यावर विसंबू नये एवढंच.

(दृश्य : रुमालाची गाठ सुटते. धूळ. पानांच्या कडा कसरीनं खाल्लेल्या.)

नक्कल हवी तर अर्ज करायचा, फी भरायची आणि वाट पाहायची. हल्ली काही जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन संगणकावर आलेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावचे जुने कागद बाहेर निघाले. वर्षानुवर्षं कुणी न सोडलेल्या गाठी सुटल्या. मोडी वाचणाऱ्यांची दारं लोक ठोठावू लागले.

आमच्यासाठी असंच एक दार उघडलं. निवृत्त शिक्षक, चष्मा कपाळावर, पानाला ठरलेला दर. ते आधी ओळीवरची रेघ दाखवतात. मोडी लिहिताना ही रेघ अगोदर ओढतात, मग अक्षरं तिला लटकतात. शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. "अक्षर लावत बसू नका," गुरुजी म्हणतात, "नमुना ओळखा. 'बिन' दिसलं की पुढं बापाचं नाव. 'कोम' दिसलं की बाई, आणि पुढं नवऱ्याचं."

बिन आणि कोम. एवढे दोन शब्द ओळखू आले की पान बोलायला लागतं.

पहिलं बोललं ते गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची वही. त्या काळी पाटलानं सांगायचं, कुलकर्ण्यानं लिहायचं. जन्माच्या बाजूला बापाचं नाव, जात, आणि मूल मुलगा की मुलगी. मुलाचं स्वतःचं नाव नाही, कारण बारसं अजून व्हायचंय. आईचंही नाही. मरणाच्या बाजूला एक रकाना कारणाचा. पटकी म्हणजे कॉलरा. देवी. गाठीचा ताप म्हणजे प्लेग. आणि नुसता 'ताप'.

(दृश्य : वहीचं एक पान. कॅमेरा वरून खाली, सावकाश.)

हे १९१८ चं ऑक्टोबर महिन्याचं पान. एरवी आमच्या गावाला महिनाभरासाठी अर्धं पान पुरतं. इथं पान भरलंय, मागची बाजू भरलीय, पुढचंही पान भरलंय. कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. त्याच्या खाली कुलकर्ण्यानं शब्द लिहायचाच सोडून दिलाय आणि नुसत्या उभ्या खुणा ओढल्यात. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि वर ही साथ. लोक तिला मानमोडी म्हणत. इन्फ्लुएंझा. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९२१ च्या शिरगणतीत भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा थोडी कमीच भरली.

या पानावर वरून अकरावी ओळ माझ्या पणजोबांची. वय तीस. त्यांच्या खालच्या ओळीत त्यांचा धाकटा भाऊ. दोघांत दोन दिवसांचं अंतर.

मग १९१९ चा फेरफार. खातेदार मयत. वारस मुलगा, वय वर्षे ४, अज्ञान, म्हणजे वयात न आलेला. हे माझे आजोबा. पुढं, "पालनकर्ती आई", आणि तिचं नाव जिथं असायला हवं तिथं कागदाची घडी. शंभर वर्षं त्याच घडीवर कागद मिटलाय आणि तिथंच विरलाय. उरलंय ते 'कोम' आणि त्याच्या पुढं नवऱ्याचं नाव, ठसठशीत.

गुरुजी भिंग फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाईनं एकटीनं घर चालवलं असेल तर कर्ज काढलंच असणार. दस्त नोंदवतात तिथं, दुय्यम निबंधकाकडं बघा."

हे मला सुचलं नसतं. जमीन नावावर नसलेली बाई सरकारी कागदावर येते ती दोनदा. कुणी मेलं की, किंवा पैसे लागले की.

(दृश्य : निबंधक कार्यालय. सूचीची जाडजूड वही.)

सूचीत गावावर शोध घेतला, एकेक वर्ष मागं-पुढं करत. १९२३ ला सापडलं. गहाणखत, शके १८४५. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, तो बरोबर जुळला. सावकाराकडून दीडशे रुपये. कारण लिहिलंय : बैल खरेदी व मुलाचे पोट. गहाण ठेवला तो विहिरीजवळचा तुकडा. लिहून देणार, स्वतः व अज्ञान मुलाची पालनकर्ती. आणि तिचं नाव. पूर्ण. शाई अजून काळी.

दस्ताच्या शेवटी सहीच्या जागी लिहिलंय, "निशाणी बांगडी". ज्यांना लिहिता यायचं नाही ते सहीऐवजी खूण करायचे. कुणबी असला तर नांगराची, बाई असली तर बांगडीची. दस्त लिहिणारा शेजारी आपलं नाव टाकायचा. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. ज्या हातातल्या बांगड्या गावासमोर फोडल्या गेल्या, त्या हातानं कचेरीत बसून कागदावर बांगडी काढली. गुरुजींनी हे वाचलं आणि चष्मा पुन्हा कपाळावर नेला. त्या पानाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

(दृश्य : मोबाईलवर बोलणारा निवेदक. मागं बसस्टँडचा आवाज.)

ते नाव पहिल्यांदा कुणाला सांगायचं, हा प्रश्नच होता. आत्याला फोन लावला. वय चौऱ्याऐंशी, फलटणला असते. माहेरी सगळे तिला आक्का म्हणतात, सासरी लग्नात नाव बदललेलं. तिला या शोधाविषयी मी काही विचारलं नव्हतं. लग्न होऊन गेलेली, तिला कुठलं माहीत असणार, असं धरून चाललो होतो.

नाव सांगितलं. पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही.

"अरे, ते माझंच नाव की. पाळण्यातलं. दादांनी, तुझ्या आजोबांनी, आपल्या आईचं ठेवलं होतं मला. घरात आईचं नाव घेऊन हाक कशी मारायची, म्हणून आक्का म्हणायला लागले." मग म्हणाली, "तीन महिने हिंडलास होय? मला विचारायचंस."

तेवढ्यात गाडी लागली. फोन ठेवता ठेवता आत्या विचारत होती, दीडशे रुपये फिटले का, आणि विहिरीजवळचा तो तुकडा आता कुणाच्या नावावर आहे.