रहाडीपासून रहाडीपर्यंत

नाशिकच्या पंचवटीतला शनी चौक. रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या पिशव्या घेऊन घाईत चाललेली माणसं. यांच्या पायांखाली वर्षभर एक हौद झाकलेला असतो.

फाल्गुनात तो उघडतात. वरची माती निघते, लाकडं निघतात आणि दगडी बांधणीचा खोल खड्डा दिसू लागतो. ही रहाड. पेशवेकाळापासूनची म्हणून आम्ही ती जपतो. बऱ्याच ठिकाणी रंग धुळवडीला, नाशिकचा मात्र रंगपंचमीला, आणि तो असा रहाडीत! आधी पूजा, मग पाण्यात रंग. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: शनी चौकाचा गुलाबी, तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाजाचा केशरी. फुलं उकळून काढलेला हा रंग. काठावरून उडी अशी घ्यायची की पाणी उसळून बघणारेही भिजले पाहिजेत. त्या उडीला म्हणायचं धप्पा. पुढे दोन दिवस कोण कुठल्या रहाडीत उतरला होता, ते कानामागच्या रंगावरून ओळखू येतं.

रहाड पुन्हा झाकली जाते आणि चैत्र लागतो. कामदा एकादशीला काळाराम मंदिराचे रथ निघतात. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ गावात फिरून येतो. रथापुढे मानाचे बुवा हात जोडून उलटे चालतात. देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून पूर्ण वाट उलट्या पावलांनी. त्यांच्या टाचा रस्ता चाचपताना पाहिल्या की गर्दीतही आपण गप्प होतो. शेवटी रामकुंडावर देवाचं अवभृथ स्नान, म्हणजे उत्सवाच्या सांगतेचं स्नान.

पण रथाचा दोर एकेकाळी सगळ्यांच्या हाती नव्हता, हे इथे सांगितलंच पाहिजे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षी रथ सगळ्यांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. ते पाळलं गेलं नाही. सत्याग्रहींवर दगड पडले. रथाची गोष्ट यांच्याशिवाय अर्धीच राहते.

श्रावणात पाऊस धरून असतो. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी, आदल्या रात्रीच सुरू झालेली. कुशावर्त कुंडात अंघोळ, मग चिखल, धुकं, अनवाणी पाय. ज्या डोंगरात गोदावरी उगम पावते, त्याला आपल्या पायांनी वेढा घालायचा.

नवरात्रात सप्तशृंगीच्या गडाची ओढ. पौषात कडाक्याची थंडी, द्राक्षबागांच्या कडेने त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या, संत निवृत्तिनाथांची यात्रा. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ जगाला ठाऊक आहे. आम्हाला जीव लावतात ते हे दरसालचे दिवस.

मग पुन्हा फाल्गुन. शनी चौकात कुदळ पडते. माती सरते, आणि एका घावाला आवाज बदलतो. खाली लाकूड लागलेलं असतं. पोरं कुदळ बाजूला ठेवतात आणि उरलेली माती हातांनी सारू लागतात.